वरून कोरडं, खालून ओलं: टाकीतल्या फ्रॉगबिटची निगा

फिश टँकसाठी पहिली वनस्पती कोणती घ्यावी, असं विचारलं की फ्रॉगबिटचं नाव हमखास निघतं. माती नको, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको, खत नको. पाण्यावर सोडली की झालं, असं सांगितलं जातं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अर्धीच खरी आहे, आणि ‘सोडली की झालं’ हे साफ खोटं. सोडून दिलेल्या फ्रॉगबिटचा दहा-पंधरा दिवसांत पिवळा, चिकट लगदा होतो आणि माणूस समजतो की आपल्या हाताला झाडं लागत नाहीत. हाताचा काही दोष नसतो. बहुतेक वेळा पानांच्या वरच्या बाजूला सतत पाणी लागत असतं, नाहीतर खाली मुळांची उपासमार चाललेली असते.

‘अ‍ॅमेझॉन फ्रॉगबिट’ या नावाने विकली जाते ती लिम्नोबियम लेव्हिगेटम. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. हिचं एक रोप घेऊन जवळून बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. पान गोलसर, रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं. वरची बाजू गुळगुळीत, मेणचट. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पण अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून जातही नाही, तिथेच राहतो. आता पान उलटं करा. कोवळ्या पानाच्या पोटाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेली फुगीर गादी दिसेल. ती हवेने भरलेली असते. पाण्याखाली धरून नखाने दाबली तर बुडबुडे सुटतात. हीच तिची होडी. तिच्या खाली लोंबणारी पांढरी मुळं आणि त्यांवर केसांसारखी बारीक लव.

जमिनीवरच्या बहुतेक झाडांची श्वास घेण्याची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, प्रामुख्याने पानाच्या खालच्या बाजूला असतात. तरंगत्या पानांची खालची बाजू पाण्याला टेकलेली असल्यामुळे रंध्रं वरच्या बाजूला असतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश, म्हणून पाण्याखालच्या झाडांसाठी हौशी लोक सिलिंडर लावतात. फ्रॉगबिटला त्याची गरज नाही. ती थेट हवेतून घेते. प्रकाशाचंही तसंच. दिवा आणि पान यांच्यामध्ये पाण्याचा थर नाही, दुसऱ्या झाडाची सावली नाही. प्रकाश भरपूर आणि कार्बन फुकट, मग वाढ अडते ती एकाच गोष्टीवर: पाण्यात विरघळलेलं अन्न. ते मिळालं तर ती सुसाट वाढते. नाही मिळालं तर टाकीतल्या सगळ्या झाडांत आधी तीच रडायला लागते.

आणि ही रंध्रं पाण्याच्या थराखाली गेली की पानाची घुसमट होते. दिवसभर भिजलेलं पान आधी काचेसारखं अर्धपारदर्शक होतं, मग तपकिरी, मग बोट लावताच सुटतं. एकदा-दोनदा उडालेल्या शिंतोड्याने काही बिघडत नाही. सतत ओलं राहणं वाईट.

आधी पाणी शांत करा

पानं भिजवणारे तीन शत्रू असतात: हँग-ऑन (टाकीच्या काठावर टांगलेल्या) फिल्टरचा धबधबा, एअर पंपाचे बुडबुडे आणि टाकीचं झाकण.

हँग-ऑन फिल्टर असेल तर पाण्याची पातळी त्याच्या ओठाला टेकेल इतकी वर ठेवा, म्हणजे पाणी उंचावरून आदळणार नाही. तोंडाशी स्पंजचा तुकडा बसवला तर जोर आणखी कमी होतो. कॅनिस्टरचा (टाकीबाहेर ठेवलेल्या डब्याच्या फिल्टरचा) स्प्रे-बार, म्हणजे भोकांची नळी, असेल तर त्याची भोकं काचेकडे वळवा. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर त्यामानाने सौम्य, पण त्याचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटताना बारीक तुषार उडतात आणि आसपासच्या १०-१५ सेंटीमीटरमधली पानं कायम ओली राहतात. अशा वेळी हवेच्या नळीला छोटा व्हॉल्व्ह लावून बुडबुडे कमी करावेत. तपासायची पद्धत सोपी आहे. एका रोपावर मिनिटभर नजर ठेवा. ते हळूहळू सरकत असेल तर हरकत नाही. गरागरा फिरत असेल किंवा त्याचं एखादं पान क्षणभर जरी पाण्याखाली जात असेल तर प्रवाह जास्त आहे.

प्रवाह कमी करता येत नसेल तर रिंग करावी. एअर पंपाची साधी नळी ७५ सेंटीमीटर लांब कापा, दोन्ही टोकं सरळ जोडणीच्या प्लॅस्टिक कनेक्टरवर घट्ट बसवा. सुमारे २४ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ तयार होतं आणि त्याच्या आत साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा मिळते. ६० बाय ३० सेंटीमीटरच्या टाकीचा हा बरोबर पाव पृष्ठभाग, सुरुवातीला अगदी पुरेसा. नळी गोलाकार बसत नसेल तर मिनिटभर गरम पाण्यात धरा, मऊ पडते. जोडणीतून आत पाणी शिरू देऊ नका, कारण ही रिंग नळीतल्या हवेवरच तरंगते. बरेच जण ती सक्शन कपाने काचेला पक्की करतात आणि तिथे फसतात: चार-पाच दिवसांत पाणी आटून पातळी उतरते, रिंग वर लटकत राहते आणि रोपं खालून निसटून सगळीकडे पसरतात. कपाला दोऱ्याचा सैल फास बांधून त्यातून रिंग ओवली की ती पाण्याबरोबर वर-खाली होते.

रिंगचा उलटा उपयोगही चांगला. रोपं सगळीकडे मोकळी सोडायची आणि रिंग रिकामी ठेवायची. तेवढी खिडकी माशांना खाणं टाकायला मिळते आणि त्यातून प्रकाश खालच्या झाडांपर्यंत पोचतो.

फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज लावायला विसरू नका. फ्रॉगबिटची मुळं ३० सेंटीमीटरपर्यंतही लांबतात. एकदा आत ओढली गेली की रोप तर बुडतंच, मोटरही अडकते.

झाकणाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. बंद काचेखाली वाफ धरते आणि तिचे थेंब रात्रभर पानांवर टपकतात. वरून बघावं तर पाणी शांत, प्रवाह नाही, तरी पानांवर तपकिरी डाग. असं दिसलं की दोष झाकणाचा. पाणी आणि झाकण यांत ५-७ सेंटीमीटर अंतर ठेवा आणि एका बाजूने फट राहू द्या. मासा उड्या मारणारा असेल तर काचेऐवजी बारीक जाळी बरी.

पाणी अगदीच निवांत झालं तर पृष्ठभागावर तेलकट साय धरते. कागदी टिशू अलगद पसरून उचलला की ती निघून येते.

रोपं आणल्यावर

पिशवीत किंवा डब्यात प्रवास केलेली फ्रॉगबिट जवळपास नेहमीच पहिल्या आठवड्यात काही पानं टाकते. लांब मुळंही गळतात. घाबरून औषधं, खतं ओतू नयेत. जुन्या पानांकडे बघायचंच नाही. रोपाच्या मधोमध गुंडाळीतून नवं पान निघतंय का, एवढं बघायचं. ते हिरवं आणि टणक असेल तर रोप जगलं.

टाकीत सोडण्याआधी प्रत्येक रोप क्लोरिन काढलेल्या पाण्याच्या भांड्यात हलकेच हिंदकळून मुळं नीट तपासा. गोगलगायीची अंडी पारदर्शक जेलीसारखी पानाच्या पोटाला चिकटलेली असतात. त्याहून चिवट म्हणजे डकवीड ही बारीक तरंगती वनस्पती. साबुदाण्याएवढं एक पान मुळांत अडकून आलं तरी महिन्याभरात टाकी हिरव्या टिकल्यांनी भरते, आणि मग ती टाकीतून कायमची काढणं म्हणजे डोकेदुखी. वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवून रोज वेचणं हा उत्तम उपाय. तीव्र रसायनात बुडवण्याच्या भानगडीत पडू नये. मुळांची नाजूक लव आधी जळते. टाकीत सोडताना रोप सरळ ठेवा. उलटं पडलेलं रोप आपणहून क्वचितच सुलटं होतं.

तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस आणि सामू (पीएच) ६ ते ७.५ असेल तर बाकी काही करावं लागत नाही. दिवा रोज ८ तास पुरे. नियमितपणासाठी टायमर लावावा. साधा एलईडी चालतो, फक्त तो पानांपासून १५-२० सेंटीमीटर वर हवा. झाकणालाच चिकटलेल्या दिव्याच्या उष्णतेने पानांच्या कडा करपतात.

खाणं

‘माशांच्या विष्ठेवरच ती वाढते’ हे वाक्य भरपूर मासे असलेल्या टाकीला लागू पडतं. त्यांच्या अमोनियातून आणि नायट्रेटमधून नत्र मिळतो, फॉस्फेट खाण्यातून येतं. पण एक बेटा मासा किंवा दहा-बारा कोळंब्या असलेल्या टाकीत तेवढ्याने भागत नाही. शिवाय मासे कितीही असले तरी पोटॅशियम आणि लोह पुरेसं मिळेलच असं नाही.

नायट्रेटचा टेस्ट किट जवळ हवाच. आकडा ५ ते २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) दरम्यान असू द्या. शून्य दाखवत असेल आणि पानं आठवड्यागणिक लहान होत असतील तर ‘पाणी किती स्वच्छ आहे’ म्हणून खूश होऊ नका, रोपं उपाशी आहेत. सगळी अन्नद्रव्यं असलेलं द्रव खत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करावं आणि दोन आठवडे परिणाम बघावा.

सुटं पोटॅशियम नायट्रेट वापरणाऱ्यांसाठी हिशोब असा. ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटरच्या टाकीत काठोकाठ जवळपास ६५ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर ५० लिटर धरा. या पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट टाकलं तर नायट्रेट सुमारे १२ पीपीएमने आणि पोटॅशियम ८ पीपीएमने वाढतं. आठवड्याला ५ पीपीएम नायट्रेट हवं असेल तर ०.४ ग्रॅम पुरे. एवढं बारीक वजन घरच्या काट्यावर होत नाही, म्हणून २० ग्रॅम पूड ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावी. त्यातलं १० मिलिलिटर म्हणजे नेमकं ०.४ ग्रॅम. बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

लोह घेताना ते कोणत्या रूपात, म्हणजे कोणत्या संयुगात बांधलेलं आहे, ते बघा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ६.५ च्या वर गेला की टिकत नाही. कठीण, अल्कधर्मी पाण्यात ते झाडाला मिळण्याआधीच निकामी होतं. अशा पाण्यासाठी डीटीपीए प्रकार घ्यावा, तो ७.५ पर्यंत तग धरतो. नुसतं आरओचं पाणी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच. नवी पानं वेडीवाकडी, चुरगळलेली निघायला लागली तर आरओच्या पाण्यात नळाचं पाणी किंवा क्षार मिसळून एकूण कठीणता ३-४ अंशांवर आणावी.

काय कमी पडतंय हे पानांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं, फक्त जुनी पानं आणि नवी पानं वेगवेगळी बघायची. काही अन्नद्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. त्यांची टंचाई जुन्या पानांवर उमटते. जुनं पान सगळंच एकसारखं पिवळं पडत असेल तर नत्र कमी. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि त्यांना पिवळी किनार असेल तर पोटॅशियम कमी. लोह मात्र असं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानात दिसते: पान फिकट, जवळजवळ पांढरट, शिरा तेवढ्या हिरव्या. एखाद-दुसरं सर्वांत जुनं पान पिवळं पडणं हे नुसतं म्हातारपण आहे, त्याला औषध नाही.

मुळांची लांबीही बोलते. ती झपाट्याने वाढून तळापर्यंत पोचायला लागली की बघणाऱ्याला झाड जोमात आहे असं वाटतं. बऱ्याचदा नेमकं उलट असतं: वर अन्न मिळत नाही म्हणून झाड लांबवर चाचपडत असतं. पोटभर मिळालं की मुळं आखूड आणि दाट राहतात. लांब मुळं कात्रीने छाटली तर चालतात का? चालतात, पण एका वेळी निम्म्याहून जास्त कापू नका.

आणखी एक गैरसमज. दाटी झाली की फ्रॉगबिट पानं पाण्यावर पसरवायचं सोडून देठांवर उभी करते, आणि या उभ्या पानांच्या पोटाला ती फुगीर गादी नसते. ‘ही दुसरीच जात निघाली’ म्हणून कोणी फेकून देतं. जात तीच आहे, जागा संपली आहे.

विरळणी, आणि ऑक्सिजनचं काय

जागा आणि खाणं मिळालं की प्रत्येक रोप आडवे रनर सोडतं, त्याच्या टोकाला पिल्लू धरतं, पिल्लाला पुन्हा रनर. पिल्लाला स्वतःची दोन-तीन पानं आणि मुळं आली की मधला दोरा कापायला हरकत नाही.

दर आठवड्याला मूठभर रोपं काढायचीच. पृष्ठभाग निम्म्याहून जास्त झाकू देऊ नका. इथे एक समजूत मोडायला हवी: तरंगती वनस्पती पाण्याला भरपूर ऑक्सिजन देते, ही. तिची पानं हवेत आहेत, त्यामुळे तयार झालेला ऑक्सिजन बहुतांश हवेतच जातो. मुळांवाटे थोडा झिरपतो तेवढाच. उलट पूर्ण झाकलेल्या टाकीत हवा आणि पाणी यांची देवघेव अडते, खालची झाडं अंधारात जातात आणि तीही ऑक्सिजन द्यायचं थांबतात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर आधी निम्मी फ्रॉगबिट उचला, मग बाकीची कारणं शोधा. बेटा आणि गुरामी तर हवा घ्यायला वर येतातच. त्यांच्यासाठी मोकळी जागा राखलीच पाहिजे.

काढताना पिवळी, जखमी, शेवाळ धरलेली मोठी रोपं आधी काढावीत आणि मधल्या आकाराची निरोगी ठेवावीत. खाली अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन असेल तर अर्ध्या सावलीत ती मजेत राहतात. गालिच्यासारखी पसरणारी आणि लाल झाडं मात्र हिच्याखाली रंग आणि जोम दोन्ही गमावतात. तिथे फ्रॉगबिट पाव पृष्ठभागावरच थांबवा. पाण्यातलं शेवाळ हिच्यामुळे कमी होतं हे खरं. ती प्रकाशही अडवते आणि शेवाळाचं खाणंही पळवते. पण उचललेली मूठ टाकीबाहेर गेली तरच. गळलेली पानं आतच कुजू दिली तर खाल्लेलं सगळं ती पाण्याला परत करते.

गोल्डफिश असलेल्या टाकीत हिची आशा सोडावी; मुळांपासून कुरतडून संपवतात. कोळंब्या आणि माशांची पिल्लं मात्र या मुळांच्या जंगलात तासन्‌तास चरत असतात. आजारी माशांसाठी टाकीत मीठ टाकायची वेळ आली तर फ्रॉगबिट आधी दुसऱ्या भांड्यात हलवा, तिला खारट पाणी सोसत नाही. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइडच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा. व्हॅलिस्नेरिया तिच्याच कुळातली, आणि ती या द्रवाने विरघळते हे अनेकांनी महागात शिकलेलं आहे.

पानांवर काळपट, मोहरीपेक्षाही बारीक ठिपके चालताना दिसले तर तो मावा. कीटकनाशक फवारायचं नाही, मासे आणि कोळंब्या दोन्ही मरतील. रोपं तासभर पाण्याखाली दाबून ठेवावीत. मावा सुटून वर येतो आणि मासे तो गट्ट करतात. तासाभराच्या बुडीने पान कुजत नाही. नंतर रोप हलकेच झटकून पुन्हा तरंगत सोडा. अंडी नसली तरी पिल्लं लपून राहतात, म्हणून चार-पाच दिवसांनी हेच पुन्हा करावं.

काढलेल्या रोपांची विल्हेवाट

ओळखीच्या कोणाला द्या, किंवा उन्हात कडकडीत वाळवून कंपोस्टमध्ये टाका. नदी, नाला, तळं, विहीर यांत एकही रोप जाता कामा नये. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतूनच निघालेली आणि तिने जगभर पाण्याचं काय केलं ते सर्वांना दिसतंच आहे. फ्रॉगबिटनेही कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो-सान वाकीन खाड्यांमध्ये ठाण मांडलेलं आहे. तिथे तिला ‘स्पंजप्लांट’ म्हणतात आणि तिची बीजांकुरं इतकी बारीक असतात की डकवीड समजून नजरेतून सुटतात. म्हणून पाणी बदलताना बादली थेट गटारात रिकामी करू नका. आधी बारीक जाळीतून गाळा, जाळीतली करंगळीच्या नखाएवढी पिल्लं वेचून वाळायला ठेवा, आणि गाळलेलं पाणी कुंड्यांना घाला.